आंधळं दळतं आणि कुत्रं व्हाइस प्रेसिडेंट होतं

सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून सिरीयलच्या फॅन लोकांमध्ये भांडण लावायचं असेल तर फार डोकं चालवायला लागत नाही, फ्रँक ग्राइम्सचं नाव काढायचं आणि बाजूला व्हायचं. मोनोरेलवाला एपिसोड भारी आहे यावर सगळे एका सुरात बोलतात, नंतरच्या सीझनमध्ये मजा गेली यावर पण साधारण एकमत असतं (कुठल्या सीझनपासून यावर नसतं, ते सोडा), पण या ग्राइम्सचा एपिसोड, 'होमर्स एनिमी', म्हटलं की एक जण म्हणतो आख्ख्या सिरीयलमधला बेस्ट एपिसोड, दुसरा म्हणतो मी तो परत बघूच शकत नाही, आणि तिसरा दोघांना म्हणतो अरे कार्टून आहे, जेवा आता. तिसरा म्हणजे आमच्या घरात माझा नवरा.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आठव्या सीझनचा एपिसोड, अमेरिकेत फॉक्सवर ४ मे १९९७ ला लागला. लिहिलाय जॉन स्वार्ट्झवेल्डरने, दिग्दर्शन जिम रिअर्डनचं, आणि त्या वेळी सिरीयलची सूत्रं बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन या जोडीकडे होती. त्यांची कल्पना सरळ होती की एक खराखुरा माणूस, म्हणजे तुमच्याआमच्यासारखा नियम पाळणारा, वेळेवर येणारा, डब्यावर नाव लिहिणारा, त्याला उचलून होमर सिम्पसनच्या, म्हणजे सिरीयलमधल्या त्या न्यूक्लिअर प्लांटमध्ये नोकरी करणाऱ्या आळशी बापाच्या, शेजारच्या टेबलावर बसवला तर काय होईल. उत्तर असं की बावीस मिनिटांत त्याला वेड लागेल आणि तो मरेल. आणि त्याच्या अंत्यविधीला लोक हसतील. हे मी स्पॉइलर वगैरे समजत नाही, पंचवीस वर्षांच्या वर होऊन गेली.

आमच्याकडे तेव्हा सिम्पसन्स स्टार वर्ल्डवर लागायचं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघितला तेव्हा मला त्यातलं निम्मं कळलं नव्हतं. होमरच्या घरात भिंतीवर फोटो आहेत, एकात तो माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्डबरोबर, एकात स्मॅशिंग पंपकिन्स बँडबरोबर लोलापालूझा या संगीत महोत्सवाच्या टूरवर, एकात चक्क अंतराळात, आणि शिवाय ग्रॅमी पुरस्कार. मला वाटलं हे उगाच विनोदासाठी टाकलंय. नंतर जुने सीझन लाइनीत बघितले तेव्हा लक्षात आलं की हे सगळं त्याच्या आयुष्यात खरोखर घडून गेलंय, प्रत्येक फोटो म्हणजे एक आधीचा एपिसोड आहे, अंतराळवाला १९९४ चा, लोलापालूझावाला १९९६ चा. तेव्हा लोलापालूझा हा काय प्रकार आहे हे आमच्या गल्लीत कोणाच्या बापाला माहीत नव्हतं, आता तेच महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भरतं आणि ऑफिसातली पोरं तिकिटासाठी पगाराची वाट बघतात.

तर फ्रँक ग्राइम्स. याची ओळख आपल्याला टीव्हीवरच्या बातम्यांमधून होते, केंट ब्रॉकमन नावाचा अँकर 'सामान्य माणसाची असामान्य कहाणी' टाइपचा एक भाग करतो त्यात. चार वर्षांचा असताना आईबापांनी सोडलं, शाळा नाही, श्रीमंत मुलांच्या घरी खेळणी पोचवायचं काम केलं, अठराव्या वाढदिवसाला एका स्फोटात उडाला, मग ऐकायला आणि वेदना जाणवायला स्वतःचं स्वतः परत शिकला, आणि पोस्टाने अभ्यास करून करून शेवटी गेल्या आठवड्यात अणुविज्ञानाचा डिप्लोमा हातात पडला. दहावीचा निकाल लागला की पेपरात येतं ना, पहाटे पेपर टाकून, रात्री मावशीच्या खानावळीत भांडी घासून अमुकने ९२ टक्के मिळवले, सोबत पेढा भरवतानाचा फोटो, डिट्टो ती स्टोरी. ती वाचून आपण जसे दोन मिनिटं हळवे होतो तसाच न्यूक्लिअर प्लांटचा मालक मिस्टर बर्न्स हळवा होतो. डोळ्यात पाणी. या माणसाला मला आणून द्या, याला मी एक्झिक्युटिव्ह व्हाइस प्रेसिडेंट करतो.

दुसऱ्या दिवशी ग्राइम्स ब्रीफकेस घेऊन हजर होतो तोपर्यंत बर्न्सने टीव्हीवर नवीन स्टोरी बघितलेली असते. एका शूर कुत्र्याची. त्याने म्हणे एका बाळाला भरधाव गाडीसमोरून ओढून काढलं आणि त्याच गाडीसमोर एका गुन्हेगाराला ढकललं. बर्न्स परत हळवा. आता ते कुत्रं एक्झिक्युटिव्ह व्हाइस प्रेसिडेंट. आणि हा समोर उभा असलेला माणूस? त्याला कुठेतरी टाका कोपऱ्यात, मध्ये मध्ये येणार नाही असा. म्हणून तो येतो सेक्टर सेव्हन-जी मध्ये, होमरच्या शेजारी.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते इतकं शब्दशः कोणी दाखवेल असं वाटलं नव्हतं. मला तर हा सीन आठवला की अजून हसू येतं, आणि पुढचा सगळा वाद घालताना फॅन लोक नेमका हाच सीन विसरतात. त्यावर मी येते नंतर.

आता बाजू बघा. पहिली पार्टी म्हणते एपिसोड दुष्ट आहे. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला हीच पार्टी मोठी होती, बनवणाऱ्यांनीच नंतर सांगितलंय की एपिसोड लागला तेव्हा बऱ्याच फॅन्सना तो आवडला नव्हता, फारच काळा वाटला होता. मला त्यांचं म्हणणं पटतं पण. बघा ना, सिम्पसन्समध्ये लोक पडतात, जळतात, कड्यावरून घरंगळतात आणि पुढच्या सीनला ठणठणीत असतात. इथे एक माणूस येतो ज्याला लागलं की लागतं. त्याचा पथ्याचा डबा होमर खातो, डब्यावर मोठ्या अक्षरात नाव असताना. त्याच्या पेन्सिली होमर चघळून ठेवतो. त्याला कोणी विचारलेलं नसताना होमर त्याला 'ग्राइमी' म्हणायला लागतो. हे सगळं आपण होमरच्या बाजूने शंभर वेळा बघून हसलोय, आणि इथे पहिल्यांदा कॅमेरा समोरच्या माणसाच्या तोंडावर थांबतो. मग हसू थोडं अडकतंच. शेवटी तो माणूस प्लांटमध्ये सैरावैरा पळत सुटतो, मी पण आता होमर सिम्पसन, मी पण हात धुणार नाही, मी पण काम करणार नाही, असं ओरडत, आणि हाय व्होल्टेजच्या तारांना ग्लोव्ह्ज न घालता हात लावतो. पुढचा सीन थेट दफनविधी. पाद्री त्याचा उल्लेख 'ग्राइमी, असंच म्हटलेलं त्याला आवडायचं' असा करतो. होमर झोपेत बायकोला बरळतो, 'मार्ज, चॅनेल बदल'. सगळे खो खो हसतात आणि शवपेटी खाली जाते. संपला एपिसोड. माझ्या दादाची बायको हे बघून उठून स्वयंपाकघरात गेली होती, म्हणाली याच्यात हसायचं काय आहे मला सांगा.

दुसरी पार्टी म्हणते की अहो हेच तर हसायचं आहे. हे लोक जरा अभ्यासू असतात, तुम्हाला बाजूला घेऊन समजावतात की हा एपिसोड होमरबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे, आठ वर्षं आपण या आळशी, खादाड, धोकादायक माणसावर प्रेम करत बसलोय, एकदा बाहेरचा माणूस आत आला तर त्याला हे गाव वेड्यांचा बाजार वाटेल की नाही. आणि पुरावे भरपूर आहेत. ग्राइम्स प्लांटमधल्या लेनी आणि कार्लला दाखवतो की होमर रेडिएशनच्या पोशाखात चक्क खुंटीला लटकून झोपलाय, तर त्यांचं उत्तर काय, तर दुपारी तीन बियर झाल्यात त्याच्या, कोणालाही झोप येईल. हा माणूस डुकरासारखा खातो म्हणावं तर त्यावर चर्चा अशी होते की डुक्कर निदान चावून खातं, हा बदकासारखा खातो. ग्राइम्स होमरला विचारतो तुला ही नोकरी लागली कशी, तर म्हणे प्लांट उघडला त्या दिवशी मी जाऊन उभा राहिलो. आणि हा सेफ्टी इन्स्पेक्टर! ज्या माणसाने अख्खं आयुष्य पोस्टाने पुस्तकं मागवून काढलं त्याच्यासमोर हे वाक्य बोलायचं म्हणजे.

तिसरी पार्टी हल्ली वाढत चालली आहे, ती म्हणजे 'ग्राइम्सचंच बरोबर होतं' पार्टी. माझा न्यू जर्सीतला मावसभाऊ याचा कट्टर मेंबर. तो कॉलेजात असताना होमरचा टीशर्ट घालून फिरायचा, आता पन्नाशीकडे आलाय, घराचा हप्ता भरतोय, आणि परवा फोनवर मला म्हणाला, "ताई, अगं मी आता तो डिनरचा सीन बघतो ना तर मला होमरचा राग येतो." डिनरचा सीन म्हणजे होमर समेट करायला ग्राइम्सला घरी बोलावतो, लॉबस्टर करतात, सगळं कुटुंब नटूनथटून दारात उभं. ग्राइम्स आत येतो आणि बघतच राहतो. एवढं मोठं घर, दोन गाड्या, सुंदर बायको, हुशार मुलगी, आणि दहा वर्षांचा मुलगा बार्ट ज्याची म्हणे गावात स्वतःची फॅक्टरी आहे. आणि हा स्वतः कुठे राहतो? एका बोलिंग ॲलीच्या वर आणि दुसऱ्या बोलिंग ॲलीच्या खाली, एका खोलीत. आयुष्यभर घासून मला काय मिळालं, ही ब्रीफकेस आणि हा हेअरकट, असं तो म्हणतो तेव्हा हँक अझारियाचा आवाज ऐका एकदा, तो आवाज त्याने अभिनेता विल्यम एच. मेसी डोळ्यासमोर ठेवून काढलाय, घशात दाबून धरलेला सज्जनपणा कसा हळूहळू फाटत जातो ते कळतं. (हा अझारिया म्हणजे तोच, सिरीयलमधल्या भारतीय दुकानदाराचा, अपूचा आवाज काढणारा, ज्यावरून पुढे एवढं रामायण झालं, २०१७ साली त्यावर डॉक्युमेंटरी आली आणि २०२० मध्ये त्याने तो रोल सोडला. तो वेगळा विषय आहे, त्यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं.)

आणि घराच्या बाबतीत ग्राइम्स खरंच काळाच्या पुढे होता हो. १९९७ मध्ये एका पगारावर दुमजली घर, दोन गाड्या आणि तीन पोरं हे टीव्हीवर अगदी नॉर्मल होतं, कोणी हिशोब मागत नव्हतं. ग्राइम्सने मागितला तर लोक म्हणाले काय खडूस माणूस आहे. २०२० च्या शेवटी अटलांटिक मासिकात एक लेख आला होता, मुद्दा असा की सिम्पसन्सचं साधं मध्यमवर्गीय आयुष्य आता अमेरिकेत कोणाला परवडण्यासारखं राहिलेलं नाही, तो खूप फिरला. इतका की मे २०२२ मध्ये सिरीयलनेच त्यावर एपिसोड केला, त्यात अभिनेता ह्यू जॅकमन सफाई कामगार होऊन बार्टला गाण्यातून समजावतो की बाबा तुझ्या बापासारखी नोकरी तुला काही मिळायची नाही. म्हणजे जे म्हणून ग्राइम्स वेडा ठरला तेच पंचवीस वर्षांनी सिरीयल स्वतः गाऊन दाखवते. आमच्या टीममध्ये एक चोवीस वर्षांची मुलगी आहे, मांजरीहून दीड तास ट्रॅफिकमधून हिंजवडीला येते, पीजीत राहते. तिला मी हा एपिसोड बघायला लावला. मला वाटलं हसत येईल, तर म्हणाली, "मॅम, त्या होमरच्या घराचं भाडं किती असेल?" बस, एवढंच.

चौथी पार्टी म्हणजे माझा दादा. तो म्हणतो ग्राइम्स एक नंबरचा चिडका आणि गर्विष्ठ माणूस आहे. आणि नीट बघितलं तर दादाच्या म्हणण्यातही दम आहे. होमर त्याला एकदाही मुद्दाम त्रास देत नाही. उलट समोरचा आपल्याला शत्रू म्हणतोय हे ऐकून होमरची झोप उडते, तो जेवायला बोलावतो, महागाचे लॉबस्टर करतो, मार्जचं ऐकून ऑफिसात नीट वागायचा प्रयत्न करतो. याउलट ग्राइम्स काय करतो, तर होमरची चारचौघात फजिती व्हावी म्हणून लहान मुलांच्या स्पर्धेचं पोस्टर अशा पद्धतीने लावतो की होमरला कळू नये ती मुलांची आहे. तुझ्या कामावर लक्ष दे ना बाबा. दादाचं म्हणणं असं की ऑफिसात असा माणूस असेल ना जो सतत दुसऱ्याची हजेरी मोजत असतो, तर तू स्वतः त्याच्यापासून चार हात लांब बसशील. हे बोलताना तो माझ्याकडे जरा जास्तच रोखून बघत होता पण जाऊ दे.

एक पाचवी पार्टी पण आहे, तिचं म्हणणं असं की इथेच सिरीयलची पडझड सुरू झाली, इथून पुढे होमर प्रेमळ ढब्बू न राहता नुसता बेपर्वा आणि उर्मट झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नवव्या सीझनमध्ये बार्टच्या शाळेचा प्रिन्सिपल स्किनर हा स्किनर नाहीच असा तो भयंकर एपिसोड आला की मग संपलंच. मला यात फार रस नाही. कुठल्याही जुन्या गोष्टीचा सुवर्णकाळ आपण स्वतः पंचवीसच्या आत असतानाच असतो.

तर माझं मत. मला वाटतं ग्राइम्स का होमर हा प्रश्नच चुकीच्या माणसांमध्ये लावलाय. मागच्या वेळी बघताना मी एकच गोष्ट केली, प्रत्येक वेळी ग्राइम्सचं वाईट होतं तेव्हा ते नक्की कोण करतंय हे बघितलं. पहिली वेळ, व्हाइस प्रेसिडेंटची नोकरी कुत्र्याला गेली. कोणी दिली? बर्न्सने. होमरचा काय संबंध, तो बिचारा डोनट खात होता. दुसरी वेळ, होमर येडपटासारखा सल्फ्युरिक ॲसिडचं भांडं तोंडाला लावणार असतो, ग्राइम्स धावत येऊन ते उडवतो, म्हणजे चक्क जीव वाचवतो, ॲसिड भिंतीवर पडून भिंत विरघळते आणि नेमका तेव्हाच बर्न्स येतो. भिंतीचं नुकसान दिसतं, जीव वाचवलेला दिसत नाही. पगार कापला. कोणी? बर्न्सने. आणि तिसरी वेळ म्हणजे ती स्पर्धा, लहान मुलांनी न्यूक्लिअर प्लांटचं मॉडेल बनवायचं. मार्टिन नावाचा हुशार पोरगा असं मॉडेल आणतो जे खरोखर वीज तयार करतं, हॉलमधले दिवे त्याच्यावर चालू आहेत. बर्न्स त्याला हाकलून देतो, म्हणे यात जीव नाही. आणि होमरने काय आणलेलं असतं, तर आहे तोच प्लांट, फक्त त्याला पंख लावलेत आणि गाडीला असतो तसा एक पट्टा मारलाय. पहिलं बक्षीस! परत बर्न्सच.

तिन्ही वेळा निकाल देणारा माणूस एकच आहे, आणि ग्राइम्सला त्याचा राग एकदाही येत नाही. येत नाही म्हणजे काय, त्याच्यासमोर हा माणूस सर, पण, सर करत राहतो, आणि तिथून बाहेर पडल्या पडल्या होमरला जाऊन सांगतो की आजपासून तू माझा शत्रू. मालकाचा राग शेजारच्या टेबलावर. हे मी इतक्या ऑफिसात इतक्या वेळा बघितलंय की बघवत नाही. अप्रेझलचं पत्र हातात पडतं, टक्के वाचून तोंड उतरतं, आणि मग चहाच्या मशीनपाशी चर्चा कशाची होते, तर तो अमका काही काम करत नाही, नुसता फोनवर असतो, सव्वापाचला बॅग भरतो. ज्यांनी टक्के ठरवले त्यांचं नाव कोणी काढत नाही कारण ते वरच्या मजल्यावर असतात आणि अमका समोर दिसतो. मी पण त्या चर्चेत असते, काही साधूसंत नाही मी.

म्हणून मला एपिसोड दुष्ट वाटत नाही, उलट फार शिस्तीत लिहिलेला वाटतो. ग्राइम्सचं दुःख खरं आहे, रागही खरा आहे, फक्त पत्ता चुकलाय, आणि त्या चुकलेल्या पत्त्यावर तो शेवटपर्यंत धावत राहतो. दिसायला पण त्यांनी त्याला मुद्दाम तसा काढलाय, सपाट कापलेले केस, चष्मा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि टाय, मायकल डग्लसचा तो एक सिनेमा आहे ना ज्यात साधा नोकरदार माणूस एक दिवस ट्रॅफिकमध्ये गाडी सोडून चालायला लागतो आणि शहरभर राडा करतो, त्याच्यावरून. तो निदान राडा करतो. ग्राइम्सला तेही जमत नाही, तो फक्त होमरची नक्कल करतो आणि नकलेतच जातो.

हे मी दादाला ऐकवलं तर तो म्हणाला, "तू फार विचार करतेस, लिहिणाऱ्याने एवढा केला नसेल." आता हा लिहिणारा स्वार्ट्झवेल्डर म्हणजे भारी प्रकरण आहे, सगळ्यात जास्त एपिसोड याच्या नावावर, ५९, आणि हा माणूस कुठे येत नाही जात नाही, मुलाखत देत नाही. शेवटी २०२१ मध्ये न्यू यॉर्कर मासिकाने त्याला बोलतं केलं. त्यात ग्राइम्सचा विषय निघाला तर याने काय सांगावं, की ग्राइम्सने ते स्वतःहून ओढवून घेतलं, त्याला आमचा होमर पटत नव्हता ना, मग मिळालं त्याला. झालं! दादा दोन दिवस हवेत. लेखकच माझ्या पार्टीत आहे म्हणे.

पण त्याच मुलाखतीत त्याने अजून एक गोष्ट सांगितली आहे, ती दादाने सोयीस्करपणे वगळली. होमर कसा लिहायचा, तर एक मोठं बोलणारं कुत्रं आहे असं समजून लिहायचा. आत्ता रडतोय, पुढच्या क्षणाला खाणं दिसलं की शेपूट हलवतोय, कोणाबद्दल मनात काही राहत नाही. आता हे डोक्यात ठेवून एपिसोड परत लावा. सुरुवातीला ग्राइम्स कोणाकडून हरतो? कुत्र्याकडून. आणि शेवटी? दोन्ही वेळा बर्न्स कष्ट केलेल्या माणसाला सोडून कुत्र्याच्या गळ्यात माळ घालतो. हे त्यांनी ठरवून केलं की आपोआप झालं मला माहीत नाही आणि फरक पण पडत नाही, पण हे दिसल्यावर मला होमरवर चिडता येत नाही. कुत्र्यावर काय चिडायचं. कुत्र्याला व्हाइस प्रेसिडेंट करणाऱ्यावर चिडायचं. ते खरं कुत्रं पण आहेच पुढे बर्न्सच्या बाजूला, मानाने.

मावसभावाला हे पटलं नाही. तो म्हणतो कुत्रा पेन्सिली चावतो ठीक आहे, पण कुत्र्याला सेफ्टी इन्स्पेक्टरचा पगार मिळत असेल तर मी चिडणार. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाकी ग्राइम्सच्या नावाने पुढे जे झालं ते मला फार आवडलेलं नाही. डिसेंबर २००२ मध्ये चौदाव्या सीझनला त्याचा मुलगा आणला, फ्रँक ग्राइम्स ज्युनियर, होमरचा सूड घ्यायला. आता ज्या माणसाचं सगळं दुःखच हे की आयुष्यात त्याला कोणी नाही, एक खोली आणि एक ब्रीफकेस, त्याला मुलगा कुठून आला, तर त्यावर एक फालतू जोक मारून मोकळे झाले. यावर मात्र आमच्या सगळ्या पार्ट्यांचं एकमत आहे, नको होतं. स्मशानाच्या सीनमध्ये मागे कुठेतरी त्याचं थडगं दिसतं तेवढी आठवण पुरेशी होती.

आणि एक राहिलंच, बार्टच्या फॅक्टरीबद्दल. बरेच लोक म्हणतात तो भाग मध्ये उगाच घुसडलाय, मेन गोष्टीशी काही संबंध नाही. अरे, संबंध कसा नाही! बापाला नोकरी कशी मिळाली, दारात उभा राहिला म्हणून. मुलाला फॅक्टरी कशी मिळाली, लिलावात एक डॉलरला. ग्राइम्स बिचारा डिनरला येतो तेव्हा त्याला ही माहिती अगदी सहज, पाणी हवं का विचारावं तशी दिली जाते. शिवाय त्या भागात बार्टचा मित्र मिलहाउस आहे, रात्रपाळीचा वॉचमन. सकाळी बार्ट येऊन बघतो तर अख्खी फॅक्टरी जमीनदोस्त, आणि याला विचारतो तू काय करत होतास, तर मिलहाउस म्हणतो मी सगळं बघितलं, आधी ती पडायला लागली, आणि मग ती पडली. आमच्याकडे आता प्रॉडक्शनला सर्व्हर बसला की इन्सिडेंट रिपोर्टमध्ये मूळ कारण या रकान्यात मी हेच लिहिते, नंतर खोडते.